'इतर' खात्यात लपलेली क्वार्टर: आपल्या पिण्याचं ऑडिट कसं करायचं?



धंद्याच्या वहीत 'उचल' नावाचं एक खातं असतं. मालकानं गल्ल्यातून घरखर्चाला, मुलांच्या फीला, पेट्रोलला जे पैसे काढले ते तिथं लिहायचे. आपल्या प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात मी हेच काम देतो: ३० दिवसांची उचल लिहून आणा, रुपया न् रुपया. वह्या येतात तेव्हा दूध, किराणा, रिचार्ज सगळं नीट मांडलेलं असतं. आणि खाली एक ओळ असते, 'इतर'. महिन्याला चार हजार, कधी सहा हजार. मी विचारतो, इतर म्हणजे काय? मग थोडं हसणं, शेजारच्याकडे बघणं, आणि उत्तर येतं, "सर, ते आपलं बसणं-उठणं."

आज या बसण्या-उठण्याचा हिशोब करू.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीबीए झालेला दुकानदार आहे. निदान डॉक्टर करणार, आपण फक्त आकडे मांडू. आणि दारू पिणारा माणूस वाईट, असंही मी इथं म्हणत नाहीये. तसं म्हटलं की माणूस पान बंद करतो आणि खरा आकडा आणखी खाली लपवतो.

छोट्या धंदेवाल्याची अडचण नोकरदारापेक्षा वेगळी असते. नोकरीवाला सोमवारी उशिरा आला तर साहेब विचारतो. तुम्हाला कोण विचारणार? शटर दहाऐवजी साडेअकराला उघडलं, दोन गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली, तर ते वहीत कुठंच दिसत नाही. हातात रोज रोख येते. कंपनीची डीलर मीट असली की जेवणाआधीचा काउंटर फुकट असतो. पार्टी म्हणते, "रेटचं बसून बोलू," आणि बसायची जागा हैदराबाद रोडवरचा ढाबा असते. आधी फक्त शनिवारी. मग उधारी वसूल झाली म्हणून बुधवारी. मग उधारी बुडाली म्हणून पण.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून देशभर एक सर्वेक्षण करून घेतलं, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात असं निघालं. त्यातल्या ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे, असं तोच अहवाल सांगतो. म्हणजे घेणाऱ्या तिघांपैकी एकापेक्षा थोडे जास्तच. टेबलावर चौघं बसलात तर नजर फिरवून बघा.

आधी माप ठरवा

कापडवाला मीटर न ठरवता कापड फाडत नाही. पण पिण्याच्या बाबतीत आपलं माप असतं 'एक'. एक पेग, एक बाटली, एक क्वार्टर. हे तिन्ही 'एक' सारखे नाहीत, आणि सगळा घोळ इथंच होतो.

डॉक्टर लोक मोजतात ते युनिटमध्ये. आपल्याकडे एक युनिट म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. काढायचं सूत्र सोपं आहे: मिलिलिटर गुणिले लेबलवरची टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७९. आले ते ग्रॅम. त्याला १० ने भागा, युनिट मिळाले. गल्ल्यावरचं कॅल्क्युलेटर पुरतं.

आता करून बघा. व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलिचा छोटा पेग म्हणजे एक युनिट. ६० मिलिचा मोठा पेग म्हणजे दोन. १८० मिलिची क्वार्टर म्हणजे सहा युनिट. बिअरवाले म्हणतात, "आपण दारू घेत नाही, फक्त बिअर." ६५० मिलिची स्ट्राँग बिअर, आठ टक्क्यांची, काढून बघा. चार युनिट येतात. दोन मोठे पेग आणि ही एक बाटली, दोन्ही सारखंच. दोन बाटल्या झाल्या तर तुम्ही क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलात.

देशी असेल तर तिच्या लेबलवरची टक्केवारी वाचा आणि तेच सूत्र लावा. हातभट्टी आणि भेसळीच्या ताडीला मात्र लेबलच नाही, त्यामुळे तिथं हिशोबच बसत नाही. नुसता जास्त-कमीचा प्रश्न असता तर वेगळी गोष्ट होती. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली, आत मिथेनॉल होतं. आपल्याकडे २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. हातभट्टी गाळणाऱ्या तांड्यांवर नुसत्या धाडी न टाकता त्या कुटुंबांना दुसरा धंदा उभा करायला मदत केली, बायकांना शिवणकाम शिकवलं. त्यावर वेगळा व्हिडिओ करायचा आहे, कारण एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाणं किती अवघड असतं ते त्यात दिसतं. आज आपला विषय गाळणाऱ्याचा नाही, पिणाऱ्याचा आहे.

चाचणीचं नावच 'ऑडिट'

जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांत अभ्यास करून एक प्रश्नावली तयार केली. तिची पहिली पुस्तिका १९८९ मध्ये आली. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून तिला 'ऑडिट' म्हणतात. धंदेवाल्याला नाव लक्षात ठेवायला त्रासच नाही. दहा प्रश्न आहेत, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४०. गेल्या वर्षभराचा विचार करून उत्तर द्यायचं. मी आपल्या भाषेत सांगतो.

पहिला: किती वेळा घेता? कधीच नाही ०, महिन्यातून एकदा किंवा कमी १, महिन्यातून दोन ते चार वेळा २, आठवड्यातून दोन-तीन वेळा ३, चार किंवा जास्त वेळा ४.

दुसरा: घेता त्या दिवशी साधारण किती युनिट? एक-दोन असेल तर ०, तीन-चार १, पाच-सहा २, सात ते नऊ ३, दहा किंवा जास्त ४. लक्षात घ्या, इथं 'एक क्वार्टर' म्हणजे एक नाही.

तिसरा: एकाच बैठकीत सहा किंवा जास्त युनिट किती वेळा होतात? कधीच नाही ०, महिन्यातून एकदाही नाही पण कधीमधी १, दरमहा २, दर आठवड्याला ३, जवळपास रोज ४.

चौथ्यापासून आठव्यापर्यंत हेच कोष्टक चालतं. एकदा सुरू केल्यावर थांबता आलं नाही, असं किती वेळा झालं? पिण्यामुळे तुमच्याकडून अपेक्षित काम राहून गेलं, असं किती वेळा? आदल्या रात्री जास्त झाली म्हणून सकाळी सावरायला घोट लागला, असं? नंतर अपराधी वाटलं किंवा पस्तावा झाला? रात्री काय झालं ते सकाळी आठवलं नाही?

शेवटचे दोन वेगळे आहेत. तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्याला इजा झाली का? आणि दहावा: नातेवाईक, मित्र, डॉक्टर यांच्यापैकी कोणी काळजी व्यक्त केली का, कमी करा म्हणालं का? नाही असेल तर ०, झालंय पण गेल्या वर्षात नाही तर २, गेल्या वर्षात झालंय तर ४.

बेरीज करा. सातपर्यंत धोका कमी. आठ ते पंधरा म्हणजे धोक्याची सवय. सोळा ते एकोणीस म्हणजे नुकसान होतंय किंवा झालंय. वीस आणि पुढे असेल तर व्यसन जडलं असण्याची शक्यता आहे, त्याची नीट तपासणी डॉक्टरांकडेच करायची. बायकांसाठी आणि ६५ च्या पुढच्यांसाठी पट्टी आणखी कडक आहे, तिथं सातलाच सावध व्हा. गरोदरपणात तर एकही युनिट नको.

आता एक हिशोब. समजा एक हार्डवेअरवाला आहे. आठवड्यातून तीन वेळा, दुकान वाढवल्यावर, एक क्वार्टर. कधी भांडण नाही, कधी पडलेला नाही, हप्ते वेळेवर. पहिल्या प्रश्नाला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. झाले आठ. बाकीच्या सात प्रश्नांना पूर्ण शून्य देऊनही गडी धोक्याच्या पट्टीत आला. त्यात बायको दिवाळीत एकदा म्हणाली असेल, "अहो, जरा कमी करा की आता," तर आणखी चार. बारा.

म्हणून दहाव्या प्रश्नाचं उत्तर एकट्यानं लिहू नका. घरी विचारा. आपल्याला वाटतं कोणी काही बोललेलंच नाही, आणि घरच्यांना तारीख पाठ असते.

पैशाचं पण सांगतो, कारण तुम्ही मनात करतच असाल. क्वार्टर, सोडा, चकणा, एखाद्या वेळी सोबतच्याचं बिल, असे सरासरी ३०० धरा. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ वेळा. ४६,८०० रुपये. कित्येक छोट्या दुकानांचं तीन-चार महिन्यांचं भाडं यात निघतं. पण पैसा ही यातली स्वस्त बाजू आहे.

बारा गुणवाल्यांचं गोव्यात काय झालं

बारा हा आकडा मी मुद्दाम आणला. आपल्या शेजारी गोव्यात 'संगत' नावाची संस्था मानसिक आरोग्यावर काम करते. त्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, दुसऱ्याच कुठल्या तरी दुखण्यासाठी आलेल्या पुरुषांना ही ऑडिट चाचणी दिली. ज्यांचे गुण १२ ते १९ आले अशा ३७७ जणांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अर्ध्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्या अर्ध्यांशी त्याशिवाय समुपदेशक बोलले, जास्तीत जास्त चार बैठका. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवीवाले पण नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसं होती.

वर्षानं परत चाचणी घेतली. ज्यांच्याशी बोलणं झालं होतं त्यांच्यातल्या १०० पैकी साधारण ५४ जणांचे गुण आठच्या खाली आले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हा आकडा ३२ होता.

मला हे आकडे आवडतात ते त्यातल्या प्रामाणिकपणामुळे. शंभरातले ४६ बोलूनही खाली आले नाहीत. म्हणजे जादू नाही. पण चार बैठकांच्या गुंतवणुकीवर एवढा परतावा मिळत असेल तर कुठलाही व्यापारी विचार करेल. आणि आठ ते एकोणीसमध्ये असलेल्या माणसाला थेट भरती व्हायचीच गरज असते असं नाही, हेही त्यातून समजतं. बऱ्याच जणांना शिकलेल्या माणसाशी चार वेळा नीट बोलणंही उपयोगी पडतं.

शरीराचा ताळेबंद

यकृत तक्रार करत नाही, हीच त्याची अडचण. त्यात चरबी साठते तेव्हा दुखत नाही, भूक लागते, दुकान चालतं. या टप्प्यावर पिणं थांबवलं तर ती चरबी काही आठवड्यांत उतरू शकते. पुढं तिथं व्रण पडून सिरॉसिस झाला की ते पूर्ववत होत नाही. म्हणून गुण आठच्या वर असतील तर पोटात दुखायची वाट न बघता डॉक्टरांकडून लिव्हर फंक्शन टेस्ट आणि रक्तदाब करून घ्या. आणि डॉक्टरांना खरा आकडा सांगा, युनिटमध्ये. "कधीतरी घेतो" या उत्तरावर कोणी उपचार करू शकत नाही.

अल्कोहोल कर्करोग घडवतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच जाहीर केलंय. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन. आपल्या भागात याच्या जोडीला मावा असतो. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, एकमेकांनी गुणला जातो. थोडी घेतलेली हृदयाला चांगली, असं सांगणारे अजून भेटतात. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट म्हटलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. (गंमत बघा, आपल्या राज्यात दारू प्यायला कायद्यानं परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो.)

मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना उपाशीपोटी घेतली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. झोपेसाठी म्हणून घेणाऱ्यांना झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला मोडते.

सकाळचा हिशोब वेगळा करा. शरीर तासाला साधारण एक युनिट निपटवतं. लिंबूपाणी, गार पाण्यानं आंघोळ, काळा चहा, कशानंच हा वेग वाढत नाही. रात्री साडेअकराला क्वार्टर संपली तर सहा युनिट निघायला पहाटेचे साडेपाच होतात, कधी जास्तही. पहाटे चारला मार्केट यार्डात माल उचलायला टेम्पो काढणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि पिऊन गाडी ठोकली तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारू शकते.

विम्यावरून आठवलं. टर्म इन्शुरन्सच्या फॉर्मात 'मद्यपान करता का, किती' असा रकाना असतो. एजंट म्हणतो, "नाही लिहा, हप्ता वाढतो." तिथं खरं लिहा. पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत माहिती लपवल्याचं निघालं तर क्लेम अडकतो, आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसता, घरची माणसं असतात.

गुण बघून पुढचं काम

सातच्या आत असाल तर वर्षातून एकदा चाचणी परत करा, मार्चअखेरीला वह्या बंद करताना. आठ ते पंधरा असेल तर चार आठवडे रोजचे युनिट लिहा. कोणासोबत, कशामुळे, हेही एका शब्दात. चौथ्या आठवड्यात तुम्हाला स्वतःलाच दिसेल की अर्ध्याहून जास्त युनिट दोन ठरावीक माणसांसोबत किंवा एका ठरावीक वारी होतात. तो एक वार आधी सोडवा. सोळाच्या पुढे असाल तर एकट्यानं प्रयोग करू नका, डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा.

वीसच्या पुढे असेल, किंवा सकाळी हात थरथरतात, घाम येतो, घोट घेतल्यावर बरं वाटतं असं असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: उद्यापासून एकदम बंद, असं घरी करू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यावर औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायची. तसंच, भिंतीवरच्या जाहिराती बघून 'न कळत दारू सोडवा'वाली पावडर जेवणात मिसळणं हे फार धोक्याचं काम आहे. त्यात काय आहे माहीत नसतं. दारूची चीड आणणारं खरं औषध असलं आणि वरून माणूस प्यायला, तर थेट आयसीयू.

सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करता येते. पुण्यात मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला ते सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीच्या आधारावर. सुरुवात गर्दच्या व्यसनापासून झाली, पुढं दारूचे रुग्ण येऊ लागले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला फी नसते, नाव लपवता येतं. फोनवरच बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर दिवसरात्र चालू असते, फुकट, मराठीतही. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

दुकानात माणसं कामाला असतील तर ही चाचणी त्यांच्यावर लादू नका. मालकासमोर कोण खरं लिहिणार? कागद भिंतीला लावा, नंबर खाली लिहा, आणि पगार रात्री उशिरा रोख देण्यापेक्षा दुपारी, शक्यतो खात्यावर द्या.

आणि बॅचमध्ये दर वेळी येणारा प्रश्न: "सर, नाही घेतली तर पार्टी नाराज होते, ऑर्डर जाते, त्याचं काय?" डीलर मीटला हातात लिंबू-सोड्याचा ग्लास ठेवा, रिकामा हात दिसला की लोक आग्रह करतात. "औषध चालू आहे" एवढं पुरतं, कुठलं ते कोणी विचारत नाही. ढाब्यावर जायचंच असेल तर रेट, क्रेडिटचे दिवस आणि डिलिव्हरीची तारीख हे तिन्ही जेवणाआधी कागदावर घ्या. आणि पुढच्या वेळी भेट तुम्हीच ठरवा: दुपारी चार वाजता, तुमच्या दुकानात, चहावर.